पावलांचा तक्ता

माघात शाळेत मनगटावर बांधायचे पट्टे आले,
एकेचाळीस, निळे, आणि सोबत एक तक्ता:
महिना, हवामान, पावलं.
खेळाची बाई म्हणून खोकं माझ्या टेबलावर.
यावलच्या उन्हाबद्दल खोक्यात एक अक्षर नव्हतं.

वैशाखात तक्ता असा दिसतो:
पहाटे साडेपाच ते सात जरा धांदल,
मग सरळ रेघ,
हडकाईच्या पात्रासारखी, कोरडी, लांबच लांब.
अख्खी नववी कूलरपुढे आडवी पडलेली.
डांबर चपलेला धरून ठेवतं अशा दुपारी
मी तरी कोणत्या तोंडानं म्हणू, पळा?

फक्त भावेश फेगडे. एका दुपारी अकरा हजार.
"एवढा कुठं पळू राहिला भो तू?"
मान खाली. पट्टा बोकडाच्या पायाला होता.
बोकडसुद्धा तीननंतर गोठ्यात बसून राहिला,
तेही तक्त्यात दिसत होतं.

सूर्य बुडाला की पोरं सायकली काढून पाटावर.
उड्या, आरडाओरडा, रात्री नऊपर्यंत पावलंच पावलं.
हेमांगी बऱ्हाटेची त्याच वेळची पावलं
चौदा जायची, चौदा यायची,
चौदा जायची, चौदा यायची.
मला वाटलं, पट्टा अडकला.
"गच्ची तेवढीच आहे, मॅडम," ती म्हणाली,
"आणि फरशी दहापर्यंत तापलेली असते,
म्हणून भरभर चालते."

श्रावणात काळी माती मैदान परत घेते.
पाय टाकला की ती तळव्याला बिलगते,
काढला की अर्धा किलो सोबत येते.
पट्टा म्हणतो एक,
पोटरीला विचारा, ती म्हणेल तीन.
खो-खोचे दोन खांब चिखलात उभे,
त्यांच्यामधून बेडकांचा सामना.
आम्ही व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या,
वरून पत्रा एवढा वाजतो
की मोजणी कोणालाच ऐकू येत नाही.

थंडी पडली की मात्र गावाला पाय फुटतात.
पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जातात
त्या शेतापर्यंत पोरं पैजा लावून पळतात,
भरीत खाऊन परत पळतात, पोट धरून.
केळीच्या बागांवर धुकं, तोंडातून वाफ,
मैदान कसं टणक, कोरडं, हाक मारणारं.
आणि नेमका तेव्हाच गणिताचा जादा तास
माझा तास मागून घेतो.

आता रुबिना तडवी.
माझ्या हजेरीत तिच्यापुढे लाल शाईनं: अनियमित.
चैत्रात तिची रेघ रात्री साडेतीनला उठते,
इतरांची कूस बदलत असते तेव्हा
हिची डोंगरात.
मी पट्टा बदलून दिला. नवाही तेच बोलला.
मग बोलावलं.

"मोहाला जाते, मॅडम. फुलं पहाटेची पडतात.
ऊन चढलं की सुकतात, गुरं खातात.
मग पाणी. मग तेंदूची पानं."
"आणि पळतेस कधी?"
"अस्वल दिसलं की."

हसली नाही ती. मीही नाही, घरी जाईपर्यंत.
तक्त्यात रकाना होता, व्यायामाचा प्रकार:
खेळ, योगासनं, सायकल, इतर.
इतरपुढे कंसभर जागा.
तिथे मी पेन टेकवलं, उचललं,
शाईचा एक ठिपका तेवढा राहिला.

मार्गशीर्षात एका सकाळी ती मैदानावर आली,
थोरल्या भावाचा स्वेटर, पायात प्लास्टिकच्या सपाता.
"कुठपर्यंत पळायचं?"
"त्या लिंबापर्यंत. आणि परत."
"तिथून काय आणायचं?"
"काही नाही."
तिनं लिंबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
सपाता काढून शेजारी शेजारी ठेवल्या.

शिट्टी तोंडातच राहिली माझ्या, अशी गेली ती.
पोरं बघत उभी, हेमांगी टाळ्या वाजवायची विसरली.
आणि येताना,
वेग जराही न मोडता,
वाकून लिंबाखालची एक वाळकी काटकी
उचलून घेऊन आली.